मराठी प्रबंधासाठी झोटेरोमध्ये स्वतःची संदर्भशैली कशी घडवावी

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्या अभ्यासकाने झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या साधनातील एखादी तयार शैली, म्हणजे संदर्भांच्या मांडणीची नियमावली, निवडून संदर्भसूची काढली, की ती अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी उतरते. लेखक आणि ग्रंथ यांची नावे देवनागरीत येतात, पण चार लेखक असले की पहिल्या नावापुढे रोमन लिपीत ‘एट अल.’ उमटते, संपादकाच्या नावाला ‘एड.’ लागते, पृष्ठांकाआधी ‘पीपी.’ येते, ग्रंथनाम तिरपे होते आणि आवृत्तीच्या आकड्याला इंग्रजी प्रत्यय चिकटतो. बहुतेक जण प्रबंध सादर करण्याच्या आधीच्या आठवड्यात हे सारे वर्डमध्ये हाताने दुरुस्त करतात. मग मार्गदर्शक आणखी एक संदर्भ घालायला सांगतात आणि ‘रिफ्रेश’चे बटण दाबताच ती सगळी दुरुस्ती पुसली जाते. हे श्रम वाया जाऊ नयेत म्हणून दुरुस्ती दस्तऐवजात न करता शैलीच्या फाइलमध्ये कशी करावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

झोटेरो हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झाले. त्याच्या शैली ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’, म्हणजे सीएसएल, या एक्सएमएलवर (टॅग लावून मजकूर बांधण्याच्या पद्धतीवर) आधारलेल्या भाषेत लिहिलेल्या असतात. मेंडेली हे साधनही हीच भाषा वाचते, त्यामुळे येथे सांगितलेले बरेचसे तेथेही लागू पडते. सीएसएलच्या सार्वजनिक संग्रहात दहा हजारांहून अधिक शैली आहेत, परंतु त्यांतील बहुसंख्य ‘अवलंबी’ आहेत: अशा फाइलमध्ये फक्त नियतकालिकाचे नाव आणि मूळ शैलीकडे बोट दाखवणारा दुवा असतो, मांडणीचा एकही नियम नसतो. बदल करण्यासाठी फाइल निवडताना ती स्वतंत्र शैलीची आहे, याची आधी खात्री करावी.

एक सूचना आधीच देतो. फाइलमधील टॅग (कोनी कंसांतील खुणा) आणि गुणधर्म (त्या खुणांसोबतच्या सूचना) यांची नावे इंग्रजी लिपीत असतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. नावात जेथे जोडरेघ दाखवली आहे तेथे फाइलमध्येही ती असते.

फाइल उघडण्यापूर्वी

पहिले काम कागदावरचे आहे. आपल्या विभागाला किंवा मार्गदर्शकांना मान्य असलेली नोंद नेमकी कशी दिसते, हे हाताने लिहून काढावे. किमान आठ प्रकार घ्यावेत: एका लेखकाचा ग्रंथ, चार किंवा अधिक लेखकांचा ग्रंथ, संपादित ग्रंथ, संपादित ग्रंथातील एक लेख, नियतकालिकातील लेख, अनुवादित ग्रंथ, अप्रकाशित प्रबंध आणि संकेतस्थळावरील मजकूर. साहित्याच्या अभ्यासकाने दिवाळी अंकातील लेख हा नववा प्रकार धरावा, कारण दिवाळी अंकाला बहुधा महिना आणि अंकक्रमांक या रूढ अर्थाने नसतातच. या नमुन्यांत स्वल्पविराम कोठे, पूर्णविराम कोठे, वर्ष कंसात की बाहेर, प्रकाशनस्थळ प्रकाशकाच्या आधी की नंतर, हे सारे ठरलेले असले पाहिजे. जे कागदावर ठरलेले नाही ते फाइलमध्ये ठरवू पाहणे म्हणजे एकच ओळ दहा वेळा बदलणे होय.

दुसरे काम दोषाचे मूळ ओळखण्याचे आहे. सूचीत एखादी गोष्ट चुकीची दिसते तेव्हा तिचे कारण तीनपैकी एका ठिकाणी असते. एक तर झोटेरोतील नोंद चुकीची भरलेली असते. किंवा शैलीचा नियम वेगळा असतो. किंवा शैली वाचून सूची छापणारे इंजिन स्वतःच्या पदरचा एखादा शब्द घालत असते. ‘एट अल.’, ‘अँड’, संपादकासाठीचे ‘एड.’ हे शब्द नोंदीत नसतात आणि पुष्कळदा शैलीतही लिहिलेले नसतात. शैली फक्त त्यांची ‘टर्म’ मागते आणि इंजिन त्या भाषेच्या शब्दकोशातून शब्द आणून ठेवते. तो शब्द शैलीच्या फाइलमध्ये शोधून सापडत नाही म्हणून कित्येक जण येथेच थांबतात. पुढचे बरेचसे काम या एका भेदावर उभे आहे.

नोंदी नीट भरणे

शैली कितीही चांगली घडवली तरी नोंद बिघडलेली असेल तर सूची सुधारत नाही, म्हणून हा भाग घाईने उरकू नये. लेखकाच्या आडनावाचा आणि नावाचा रकाना वेगवेगळा असतो. वि. का. राजवाडे यांची नोंद करताना पहिल्या रकान्यात ‘राजवाडे’ आणि दुसऱ्यात ‘वि. का.’ लिहावे. मुखपृष्ठावर आद्याक्षरे असतील तर आद्याक्षरे, पूर्ण नाव असेल तर पूर्ण नाव. एकाच लेखकाची तीन ग्रंथांत तीन रूपे भरली तर झोटेरोच्या लेखी ते तीन लेखक होतात. कुसुमाग्रज, केशवसुत, लोकहितवादी अशी टोपणनावे आणि तुकाराम, ज्ञानेश्वर अशी नावे रकान्याशेजारच्या चिन्हाने एकच रकाना करून त्यात भरावीत. ‘डॉ.’, ‘प्रा.’ या उपाध्या नावाच्या रकान्यात मुळीच घालू नयेत, नाही तर क्रमवारी किंवा मांडणी यांपैकी काही तरी बिघडते.

वर्षाच्या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: तारखेच्या रकान्यात वर्ष इंग्रजी अंकांत भरावे. देवनागरी अंकांत लिहिलेले वर्ष झोटेरो वर्ष म्हणून ओळखत नाही, आणि त्यामुळे वर्षानुसार लागणारी क्रमवारी, तसेच एकाच लेखकाच्या एकाच वर्षातील दोन ग्रंथांना वेगळे करणारे अक्षर, ही दोन्ही सोय हातची जाते. सुसंगतीसाठी पृष्ठांक, खंड आणि आवृत्ती यांतही इंग्रजी अंकच ठेवावेत. ते देवनागरीत कसे आणायचे ते शेवटी येईलच. जुन्या ग्रंथांवर फक्त शके दिलेले असते. शके १८२० तारखेच्या रकान्यात तसेच टाकले तर ते इसवी सन समजले जाऊन ग्रंथ ७८ वर्षे मागे जातो. शकात ७८ मिळवून, आणि ग्रंथ पौषाच्या सुमारास किंवा त्यानंतर जानेवारी ते मार्च या काळात निघाल्याचे कळत असेल तर ७९ मिळवून, इसवी सन लिहावा. मूळ शके सूचीत हवेच असेल तर ते आवृत्तीच्या रकान्यात शब्दांसह द्यावे. दिवाळी अंकासाठी तारखेत फक्त वर्ष ठेवून अंकाच्या रकान्यात ‘दिवाळी’ लिहिले की पुरते.

आता भाषेचा रकाना. मराठी प्रबंधाच्या सूचीत इंग्रजी ग्रंथही असतातच, आणि एकाच शैलीने दोहोंना न्याय द्यायचा तर शैलीला कोणती नोंद मराठी आहे हे कळले पाहिजे. झोटेरो वापरत असलेल्या सीएसएलमध्ये ‘भाषा मराठी असेल तर’ अशी अट थेट लिहिता येत नाही, पण ‘अमुक रकाना भरलेला असेल तर’ अशी अट लिहिता येते. म्हणून मी असा संकेत पाळतो, की मराठी नोंदींच्या भाषेच्या रकान्यात मराठीचे दोन अक्षरी चिन्ह, एम-आर, लिहायचे आणि इंग्रजी नोंदींचा तो रकाना रिकामा ठेवायचा. संकेतस्थळांवरून आपोआप आलेल्या इंग्रजी नोंदींत हा रकाना पुष्कळदा भरलेला असतो. ‘ॲडव्हान्स्ड सर्च’मध्ये भाषेची अट लावून त्या नोंदी शोधाव्यात आणि रकाना पुसावा. शंभर नोंदींसाठी हे तासाभराचे काम आहे, पण पुढची सगळी वाट त्यावरून जाते.

शैलीची प्रत काढणे

‘एडिट’ मेनूतील ‘सेटिंग्ज’ उघडून (मॅकवर ‘झोटेरो’ मेनूतून) ‘साइट’ या भागात जावे. तेथे बसवलेल्या शैलींची यादी आणि ‘स्टाइल एडिटर’ ही सोय मिळते. सुरुवातीला एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) शैली घेऊ नये. ती फार तपशिलाची आणि म्हणून गुंतागुंतीची आहे. हार्वर्ड पद्धतीची, म्हणजे मजकुरात कंसात लेखक व वर्ष देणारी, एखादी आटोपशीर स्वतंत्र शैली घेतली तर नियम डोळ्यांत मावतात. ती संपादकात उघडून दुसऱ्या नावाने साठवावी आणि पुढचे काम त्या प्रतीवरच करावे.

प्रतीच्या आरंभी ‘इन्फो’ हा भाग असतो. त्यातील ‘टायटल’ बदलून स्वतःचे नाव द्यावे, ‘आयडी’ बदलावा आणि ‘सेल्फ’ असे लिहिलेला दुवा काढून टाकावा किंवा नव्या आयडीशी जुळवावा. हे विसरले तर झोटेरो शैलींची नवी आवृत्ती आपोआप उतरवून घेताना त्याच आयडीची आपली फाइल मूळ शैलीने झाकून टाकते आणि महिन्याभराचे काम एका रात्रीत नाहीसे होते. मूळ लेखकांची नावे मात्र तशीच ठेवावीत. ती पुसणे योग्य नाही.

फाइल बाहेरच्या संपादकात लिहायची असेल तर नोटपॅडसारखा साधा संपादक वापरावा आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवावी. वर्डमध्ये ती कधीही उघडू नये, कारण वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करते आणि तेवढ्यानेच फाइल अवैध ठरते.

इंजिनाचे शब्द बदलणे

‘इन्फो’ संपल्यावर ‘लोकेल’ हा भाषेनुसार लागणाऱ्या शब्दांचा भाग असतो. नसल्यास तेथे नवा लिहावा. त्याला भाषेचा गुणधर्म देऊ नये. भाषा न सांगितलेला लोकेल भाग सर्व भाषांना लागू होतो आणि झोटेरोच्या शब्दकोशातील शब्दांवर मात करतो. त्याच्या आत ‘टर्म्स’ आणि त्याच्या आत एकेक ‘टर्म’ अशी रचना असते.

येथे एक अडचण आहे. ‘एट-अल’ या टर्मचा अर्थ ‘व इतर’ केला तर इंग्रजी नोंदींतही ‘व इतर’च येणार. यावर सीएसएलमध्येच एक वाट आहे. लेखकांच्या लांब यादीसाठी ‘एट-अल’ आणि ‘अँड अदर्स’ अशा दोन वेगळ्या टर्म्स असतात, आणि त्यांतील कोणती वापरायची हे प्रत्येक ठिकाणी सांगता येते. म्हणून ‘एट-अल’ला हात न लावता ‘अँड अदर्स’चा अर्थ ‘व इतर’ करावा. तसेच ‘अँड’ या टर्मचा अर्थ ‘आणि’ करावा आणि इंग्रजी नोंदींत शब्दाऐवजी अँपरसँडचे चिन्ह (&) वापरावे; ते चिन्ह वेगळ्या रूपातून येत असल्याने या बदलाने बाधित होत नाही.

आवृत्तीसाठी ‘लाँग-ऑर्डिनल’ या नावाच्या दहा टर्म्स असतात, शून्य-एकपासून दहापर्यंत. त्यांना ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘तिसरी’ असे ‘दहावी’पर्यंत अर्थ द्यावेत. मग आवृत्तीचा क्रमांक त्या रूपात मागितला की ‘दुसरी आवृत्ती’ असे शुद्ध मराठी उतरते. दहाच्या पुढच्या आवृत्तीसाठी रकान्यातच शब्द लिहावा. आकडा नसलेला मजकूर जसाच्या तसा छापला जातो.

मॅक्रोमध्ये दोन फाटे

लोकेलनंतर ‘मॅक्रो’ येतात. मॅक्रो म्हणजे नोंदीच्या एका अंशाचा नियम: लेखकाचा एक, शीर्षकाचा एक, प्रकाशनाचा एक. कोणता अंश कोणत्या मॅक्रोतून येतो हे कळत नसेल तर सीएसएलच्या ऑनलाइन दृश्य-संपादकात शैली उघडून नमुन्याच्या नोंदीवर टिचकी मारावी; संबंधित नियम उजळतो.

लेखकाच्या मॅक्रोत ‘चूज’ लिहून त्यात ‘इफ’ आणि ‘एल्स’ असे दोन फाटे करावेत. ‘इफ’ला व्हेरिएबल म्हणून ‘लँग्वेज’ द्यावे. हा मराठीचा फाटा झाला. मूळ नियम आहे तसा ‘एल्स’मध्ये ठेवावा आणि त्यातील ‘अँड’चा गुणधर्म तेवढा ‘सिंबल’ करावा. मराठीच्या फाट्यात तोच नियम उतरवून पुढील बदल करावेत. ‘अँड’चा गुणधर्म ‘टेक्स्ट’ ठेवावा, म्हणजे ‘आणि’ येईल. ‘नेम’च्या लगेच खाली ‘एट-अल’ हा टॅग लिहून त्याची टर्म ‘अँड अदर्स’ अशी सांगावी. ‘इनिशियलाइज-विथ’ हा गुणधर्म काढून टाकावा: तो नावाचे आद्याक्षर करण्यासाठी आहे, आणि मराठीत ‘श्रीधर’चे आद्याक्षर ‘श्री.’ होते, सुटे ‘श’ नव्हे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ‘नेम-ॲज-सॉर्ट-ऑर्डर’ची किंमत ‘ऑल’ असेल तर सर्व लेखकांची आडनावे आधी येतात, ‘फर्स्ट’ असेल तर फक्त पहिल्याचे. आपल्या कागदावरच्या नमुन्याप्रमाणे निवड करावी.

किती लेखकांनंतर ‘व इतर’ यावे हे ‘एट-अल-मिन’ आणि ‘एट-अल-यूज-फर्स्ट’ ठरवतात. पहिल्याला चार आणि दुसऱ्याला एक अशी किंमत दिली, तर चार किंवा अधिक लेखक असताना पहिलाच छापला जातो. मजकुरातील संदर्भासाठी आणि सूचीसाठी हे आकडे वेगवेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही ठिकाणी तपासावेत.

बदल केल्यावर नावे नीट पाहावीत. चिनी किंवा जपानी नावांत आडनाव आणि नाव यांच्यामध्ये स्वल्पविराम नसतो, आणि इंजिन कोणती वागणूक द्यायची हे नावाची लिपी पाहून ठरवते. देवनागरी नावे तशीच जोडून, स्वल्पविरामाशिवाय, उमटताना दिसली तर दोष शैलीचा नाही. अशा वेळी लेखकाचा रकाना एकच करून त्यात आडनाव, स्वल्पविराम, नाव असे हवे त्या रूपात लिहावे. एका रकान्यातील नाव जसेच्या तसे छापले जाते. याची किंमत अशी, की लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरातील कंसातही मग पूर्ण नाव येते. तळटिपांच्या पद्धतीत हा प्रश्न उरत नाही.

संपादक, अनुवादक, पृष्ठ यांच्यासाठी टर्म बदलण्याची गरजच नाही. मराठीच्या फाट्यात ‘लेबल’ हा टॅग काढून ‘नेम्स’ला थेट प्रत्यय जोडावा, म्हणजे नावानंतर कंसात ‘संपा.’ किंवा ‘अनु.’ येईल; पृष्ठांकाला ‘पृ.’ हा उपसर्ग द्यावा. लेखक नसलेल्या संपादित ग्रंथासाठी ‘सब्स्टिट्यूट’मधील (लेखकाऐवजी कोणाचे नाव घ्यावे ते सांगणाऱ्या टॅगमधील) संपादकालाही हाच प्रत्यय लावायला विसरू नये. प्रकाशनवर्ष नसेल तेथे ‘इश्यूड’ (प्रकाशनाची तारीख) भरलेले आहे का अशी अट घालून, नसल्यास ‘प्रकाशनवर्ष नाही’ असा मजकूर ‘टेक्स्ट’च्या ‘व्हॅल्यू’मध्ये लिहावा.

ग्रंथनामाच्या मराठी फाट्यातून तिरप्या अक्षरांचा गुणधर्म काढावा, असे माझे ठाम मत आहे. देवनागरीला रोमनसारखी खास घडवलेली तिरपी अक्षरे परंपरेने नाहीत. संगणक सरळ अक्षरच ढकलून वाकडे करतो, आणि वेलांट्या व रफार शेजारच्या अक्षरावर जातात. ग्रंथनाम ठळक करावे किंवा एकेरी अवतरणात घ्यावे. दोन्ही रीती मराठी छपाईत रुळलेल्या आहेत.

तळटिपांची शैली असेल तर

इतिहासाच्या प्रबंधांत तळटिपा असतात आणि तेथे ‘तत्रैव’, ‘पूर्वोक्त’ हे शब्द लागतात. ‘सायटेशन’ या भागात ‘पोझिशन’ची अट घालून ते लिहिता येतात, पण अटींचा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी ‘इबिड-विथ-लोकेटर’ (लगतचाच ग्रंथ, पण पृष्ठ वेगळे), मग ‘इबिड’ (लगतचाच ग्रंथ), मग ‘सब्सिक्वेंट’ (आधी कधीतरी आलेला ग्रंथ) आणि शेवटी पहिल्या उल्लेखाचा पूर्ण नियम असा क्रम ठेवावा. पृष्ठ बदलून आलेला लगतचा संदर्भ ‘इबिड’च्या अटीतही बसतो आणि कोणताही ‘इबिड’ हा ‘सब्सिक्वेंट’ही असतो, म्हणून व्यापक अट वर ठेवली तर तिच्या खालच्या अटींपर्यंत पाळी येतच नाही. ‘तत्रैव, पृ. ४५’ ऐवजी नुसते ‘तत्रैव’ येत असेल तर बहुधा हेच झालेले असते.

क्रमवारी

‘बिब्लिओग्राफी’च्या आत ‘सॉर्ट’मध्ये सर्वांत वर ‘लँग्वेज’ ही किल्ली लिहावी आणि त्याखाली लेखक व वर्ष यांच्या किल्ल्या राहू द्याव्यात. क्रमवारीचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी सीएसएलच्या नियमाप्रमाणे नेहमी शेवटी जातात. त्यामुळे मराठी ग्रंथ आधी आणि इंग्रजी नंतर अशा दोन गटांत सूची आपोआप विभागते. मराठी वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. आपल्या सूचीत या अक्षरांनी सुरू होणारी नावे कोठे बसली, हे डोळ्यांनी तपासावे.

चाचणी आणि अखेरचे संस्कार

कागदावरच्या आठ-नऊ नमुन्यांच्या नोंदी झोटेरोत निवडून ‘स्टाइल एडिटर’ उघडला की फाइलमधील प्रत्येक बदलाचा परिणाम खाली दिसतो. एका वेळी एकच बदल करावा आणि पाहावा. फाइल पूर्ण झाल्यावर सीएसएलच्या ऑनलाइन तपासनीसातून ती वैध आहे का हे पाहावे, मग ‘साइट’ भागातील अधिकच्या चिन्हाने बसवावी, आणि वर्डमध्ये झोटेरोच्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मधून ती निवडावी. फाइलची एक प्रत इतरत्रही ठेवावी. संगणक बदलला तर झोटेरोच्या खात्यातून नोंदी परत येतात, पण हाताने घडवलेली शैली त्यांच्यासोबत येत नाही.

राहिले देवनागरी अंक. ते शैलीतून मिळत नाहीत, आणि एकाच वर्षातील दोन ग्रंथांना लागणारी अक्षरेही रोमनच राहतात. म्हणून प्रबंध पूर्ण झाल्यावर दस्तऐवजाची प्रत काढावी आणि फक्त त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करावे. ही क्रिया उलटवता येत नाही. तिच्यानंतर संदर्भ साधा मजकूर होतात. मग सूचीचा मराठी गट निवडून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने दहाही अंक बदलावेत, वर्षापुढील अक्षरांच्या जागी अ, ब घालावेत आणि इंग्रजी गटाच्या वर उपशीर्षक लिहावे. मजकुरातील कंस आणि तळटिपा यांतही इंग्रजी ग्रंथांचे आकडे वगळून हेच करावे. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या तर त्या मूळ, जोडलेल्या दस्तऐवजात कराव्यात आणि अंकबदलाची ही पायरी नव्या प्रतीवर पुन्हा करावी.